नाकातल्या वाळीसाठी झालेले बंड

श्रोतेहो, जवळ जगाचा नकाशा असला तर तो पुढे घ्या. शिक्षक मंडळींनी वर्गातला भिंतीवरचा घेतला तरी चालेल. उत्तर अमेरिका आणि दक्षिण अमेरिका हे दोन मोठे खंड एका चिंचोळ्या पट्टीने जोडलेले आहेत. त्या पट्टीत पनामा नावाचा लहानसा देश आहे. १९१४ साली इथला कालवा वाहतुकीला खुला झाला आणि तेव्हापासून पनामा म्हटले की माणसाला कालवाच आठवतो. आज मात्र आपल्याला कालव्याकडे जायचे नाही. कालव्याच्या पूर्वेला कॅरिबियन समुद्राच्या काठाकाठाने कोलंबियाच्या सरहद्दीपर्यंत बोट फिरवा. नकाशा चांगला मोठा असेल तर किनाऱ्याला लागून बारीक ठिपक्यांची एक माळ दिसेल. त्या माळेला पूर्वी सान ब्लासची बेटे म्हणत, आता गुनायाला म्हणतात. तिथे गुना नावाचे लोक राहतात. शंभर वर्षांपूर्वी, १९२५ साली, या लोकांनी आपल्या सरकाराविरुद्ध बंड केले. बंडे जगात पुष्कळ झाली आहेत. कुठे सारा वाढला म्हणून, कुठे धान्य मिळेना म्हणून. इथल्या बंडाच्या कारणांत जमिनीचे कारण होतेच, पण सगळ्यांच्या जिव्हारी लागलेली गोष्ट निराळी होती. पोलीस बायकांच्या नाकातली सोन्याची वाळी काढायला लावीत होते.

ही हकीकत सांगण्यापूर्वी त्या लोकांची थोडी ओळख करून घेऊ, म्हणजे वाळीचे एवढे काय, हा प्रश्न मनात राहणार नाही.

बेटे साडेतीनशेहून अधिक आहेत. वर्षाच्या दिवसाइतकी, म्हणजे ३६५, असे म्हणण्याचा तिकडे प्रघात आहे. त्यांतली फारच थोडी वसलेली. किनाऱ्यावरची गावे धरून वस्त्या सुमारे पन्नास होतात. बाकीच्या बेटांवर नारळी आणि वाळू. वसलेली बेटे मात्र अशी गच्च की एका घराचे वळचणीचे पाणी दुसऱ्याच्या दारात पडावे. बोरूसारख्या जाड वेताच्या भिंती, वर झापांचे छप्पर, आत खाट नाही की पलंग नाही, सगळी झोपाळी टांगलेली. माणूस झोपाळीत जन्मतो, झोपाळीत निजतो, आणि मेल्यावर त्याला झोपाळीसकट पुरतात. पुरतात ते बेटावर नव्हे, समोरच्या मुख्य भूमीवर, नदीच्या काठी. बेटावर जागाच कुठे आहे?

शेतीही समोरच्या किनाऱ्यावर. पहाट झाली की पुरुष एका लाकडातून कोरलेल्या होड्या पाण्यात लोटतात आणि केळी, कंद, मका यांच्या शेतांकडे जातात. येताना नदीचे गोडे पाणी आणायचे. पुष्कळ बेटांवर आता नळ आले आहेत, पण पिढ्यान्‌पिढ्या पाणी आणणे म्हणजे होडी वल्हवीत नदीच्या मुखात शिरणे हेच होते. किनाऱ्यावरचे दाट अरण्य या लोकांनी राखून ठेवले आहे. पनामात इतरत्र गुरांच्या कुरणांसाठी जंगले तुटली, इथे पुष्कळशी उभी राहिली.

पैसा म्हणाल तर नारळ. मालवण-रत्नागिरीकडच्या श्रोत्यांना हे वेगळे सांगायला नको, पण तिथला नारळ आपल्याहूनही एक पाऊल पुढे गेलेला आहे. विसाव्या शतकात बराच काळ नारळ हे तिथले चलनच होते. कोलंबियाची व्यापारी गलबते बेटाबेटाला लागत, नारळ मोजून घेत आणि तांदूळ, साखर, कॉफी, घासलेट, कापड देत. वर्षाला लाखो नारळ असे जात. बेटांनी एकमेकांत चढाओढ करून भाव पाडू नये म्हणून भाव ठरवायचा तो सर्व बेटांच्या मोठ्या सभेने. निर्जन बेटावर वाऱ्याने पडलेला नारळसुद्धा कुणाचा ना कुणाचा असतो. अनोळखी पाहुण्याने तो सहज उचलला तर ती चोरी.

हे लोक मूळचे समुद्रातले नव्हेत. त्यांचे पूर्वज दारिएन नावाच्या डोंगराळ अरण्यात आणि नद्यांच्या काठी राहत. स्पॅनिश लोक त्या किनाऱ्यावर सोळाव्या शतकाच्या आरंभी आले. पॅसिफिक महासागर पाहणारा बाल्बोआ १५१३ साली याच प्रदेशातून गेला. पुढे दोन-अडीचशे वर्षे कधी लढाई, कधी तह असे चालले. १६९८ साली स्कॉटलंडच्या लोकांनीही इथे वसाहत मांडली आणि दोन वर्षांच्या आत ताप आणि उपासमार यांनी शेकडो माणसे गमावून ती मोडली. स्पेनशी वैर म्हणून गुनांनी या परक्यांशी आणि समुद्री चाच्यांशीही मैत्री राखली होती. हळूहळू वस्ती नद्यांच्या मुखाशी सरकली, आणि एकोणिसाव्या शतकात ती बेटांवर गेली. तिथे डास कमी, हवा मोकळी, तापाचा उपद्रव कमी, आणि व्यापाऱ्यांची गलबते दाराशी. म्हणजे ज्याला आपण ‘अनादि काळापासूनचे बेटवासी’ म्हणू, ते या बेटांवर येऊन दोनशे वर्षेही झालेली नाहीत. परंपरा म्हणजे न हललेली वस्तू असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

ते आपल्या भाषेला दुलेगाया म्हणतात. दुले म्हणजे माणूस. ज्याने सृष्टी केली तो ‘बाबा’ आणि जी त्याच्या जोडीला आहे ती ‘नाना’. बाबा म्हणजे बापच, पण नाना म्हणजे आई. आपल्याकडचे नाना हे ऐकून दचकतील! शब्दांचे हे सारखेपण केवळ योगायोगाचे आहे, त्यावरून कोणी नाते जोडू नये. दुसरेही एक साम्य गमतीचे आहे. चंद्राला ग्रहण लागले की कुणीतरी अक्राळविक्राळ प्राणी त्याला गिळतो आहे, असे तिथली जुनी माणसे मानतात. त्या लोकांत जन्मतः पांढऱ्या कातडीची आणि पिवळसर केसांची मुले इतर ठिकाणांपेक्षा बरीच अधिक जन्मतात. त्यांना चंद्राची लेकरे म्हणतात. ग्रहणात बाहेर येऊन लहान धनुष्याने आकाशातल्या त्या राक्षसावर बाण सोडायचे काम त्यांचे. आपला राहू दान दिल्याने सुटतो, तिकडचा बाणाने.

लग्न झाले की नवरा बायकोच्या घरी नांदायला जातो. लग्नाचा विधी असा की गावातले तरुण नवऱ्या मुलाला उचलून आणतात आणि झोपाळीत टाकतात. तो पळतो, पुन्हा धरून आणतात. मुलगी वयात आली की तिचे केस कापण्याचा मोठा सोहळा होतो. उसाच्या रसापासून केलेले पेय दिवसच्या दिवस मडक्यांत आंबवतात आणि सगळे गाव ते प्यायला जमते. लहानपणी नाक टोचण्याचाही असाच सोहळा. हे सोहळे पुरुषांसाठी नाहीत, मुलींसाठी आहेत. बायकांचा पोशाखही पाहण्यासारखा. हातापायांवर मण्यांच्या माळा घट्ट गुंडाळून त्यांची नक्षी साधलेली, डोक्यावर लाल-पिवळा रुमाल, कपाळावरून नाकाच्या शेंड्यापर्यंत काढलेली एक काळी रेघ, आणि नाकाच्या मधल्या पडद्यात सोन्याची वाळी. आपल्याकडे बुलाक घालतात त्या जागी.

ही वाळी किती जुनी आहे याची साक्ष एका इंग्रजाने देऊन ठेवली आहे. लायनेल वेफर नावाचा एक शस्त्रवैद्य चाच्यांच्या टोळीबरोबर १६८१ साली दारिएनमधून चालला होता. दारूचा भडका उडून त्याचा गुडघा भाजला आणि सोबत्यांनी त्याला मागे ठेवले. तिथल्या लोकांनी झाडपाल्याने त्याचा पाय बरा केला आणि काही महिने आपल्यांत राहू दिले. त्याने अंग रंगवून घेतले, नाकात त्यांच्यासारखा दागिनाही घातला. पुढे सोबत्यांची गाठ पडली तेव्हा तो त्यांच्यातच बसून होता, पण आपला वेफर तो हाच, हे त्यांना बऱ्याच वेळाने कळले! १६९९ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात त्याने पुरुषांच्या नाकातली चंद्रकोरीसारखी पत्री आणि बायकांच्या नाकातली कडी यांचे वर्णन केले आहे. पुरुषांची पत्री काळाच्या ओघात गेली, बायकांची वाळी राहिली.

मोला या वस्त्राविषयी मात्र जरा सावकाश सांगितले पाहिजे. मोला म्हणजे चोळीच्या पुढच्या आणि पाठच्या बाजूला लावलेला नक्षीचा चौकोन. आपल्या गोधडीत ठिगळ वरून लावतात. मोल्यात उलटे काम. दोन-तीन रंगांची कापडे एकावर एक ठेवायची, वरचे कापड बारीक कात्रीने आकारात कापायचे, कडा आत मुडपून इतक्या लहान टाक्यांनी शिवायच्या की टाका दिसू नये. खालचा रंग वर डोकावतो आणि त्यातून कासव, खेकडा, पक्षी, चक्रव्यूहासारख्या रेघा उमटतात. हे काम प्राचीन मानण्याची चूक पुष्कळजण करतात. पूर्वी हे लोक नक्षी अंगावर रंगवीत असत. व्यापाऱ्यांकडून सूत, सुई, कात्री आणि कापड आल्यावर अंगावरची नक्षी कापडावर उतरली. विषयांनाही बंदी नाही. आगपेटीवरचे चित्र, विमान, निवडणुकीची चिन्हे, आणि मौज म्हणजे ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढे बसलेला तो ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चा कुत्रासुद्धा मोल्यावर शिवलेला आहे. तेव्हा बाहेरचे काही घ्यायचेच नाही असा या बायकांचा हट्ट कधीच नव्हता.

आता संध्याकाळकडे या. प्रत्येक गावात एक मोठे सभागृह असते, त्याला ओन्मकेद नेगा म्हणतात. मध्यभागी झोपाळ्या टांगलेल्या. त्यांत गावचे प्रमुख, त्यांना सायला म्हणतात, आडवे होतात. भोवती बाकांवर सगळे गाव. सायला पूर्वजांच्या कथा, नीतीचे बोल, गावावरची संकटे हे सगळे लांब सुरात गातो, आणि शेजारच्या झोपाळीतला दुसरा सायला प्रत्येक कडव्याअखेर ‘तेगी’ म्हणून हुंकार भरतो. म्हणजे ‘होय, असेच’. गाण्याची भाषा जुनी, रूपकांनी भरलेली. म्हणून गाणे संपले की आर्गार नावाचा अर्थ सांगणारा उभा राहतो आणि तेच साध्या बोलीत उलगडून सांगतो. आपल्या कीर्तनात पूर्वरंग-उत्तररंग असतात, अभंग म्हणायचा आणि मग निरूपण करायचे असते, त्या चालीचे हे आहे. बायका या वेळी दिव्याच्या उजेडात मोला शिवीत ऐकतात. रात्र चढते, माणसे पेंगू लागतात. त्यासाठीही सोय आहे. गावचे शिपाई मधूनमधून खणखणीत आवाजात ओरडतात, ‘झोपू नका! नीट ऐका!’ हा शिपाई आकाशवाणीलाही एखादा मिळाला तर बरे होईल.

याच सभेत भांडणे मिटतात, कामे वाटली जातात, दंड होतात. सगळे गोड आहे असेही नव्हे. बऱ्याच बेटांवर बेट सोडून बाहेरगावी जायचे तर सायलाची चिठ्ठी लागे, आणि बायकांना ती सहसा मिळत नसे. सभेला न येणाऱ्याला दंड होई. स्वतःचे नियम स्वतः करणारा समाज कडकही असतो.

आता इतिहासाकडे वळू. १९०३ साली पनामा कोलंबियापासून फुटून स्वतंत्र देश झाला. नव्या देशाला एक घाई असते. एक भाषा, एक पोशाख, एक शिस्त असली म्हणजे राष्ट्र झाले, असे त्याच्या पुढाऱ्यांना वाटते. अरण्यात आणि बेटांवर राहणारे लोक त्यांना आपल्या अंगणातली अडगळ वाटू लागतात. हे पनामातच झाले असे नाही. बेटांवर तेव्हा दोन पक्ष पडले होते. नार्गाना बेटाचे तरुण प्रमुख चार्ली रॉबिन्सन परदेशी जहाजांवर वाढलेले. त्यांना शाळा हवी होती. त्यांनी १९०७ साली कॅथलिक पाद्री बोलावला, पुढे १९१३ साली एक इंग्रज मिशनरी बाई आली. दुसरीकडे आयलिगांदीचे वृद्ध सायला सिमराल कोलमन आणि उस्तुपूचे नेले कांतुले यांना आपला कारभार आपल्या हाती हवा होता.

१९१५ साली राष्ट्राध्यक्ष बेलिसारियो पोर्रास स्वतः बेटांवर आले, आणि एल पोर्वेनीर या लहानशा बेटावर सरकारी अधिकाऱ्याचे ठाणे बसले. मग हळूहळू मोठमोठ्या बेटांवर पोलीस गेले. बाहेरच्या लोकांना किनाऱ्यावरच्या जमिनी मिळू लागल्या. कुणी रबरासाठी अरण्यात, कुणी कासवांसाठी गुनांच्या समुद्रात शिरू लागले. १९१९ नंतर जे झाले ते तर कोणत्याही संसारी माणसाला समजण्यासारखे आहे. नाकातली वाळी बंद. पायांतल्या मण्यांच्या माळा बंद. मोला बंद, गाऊन घालायचा. मुलींचे सोहळे बंद, उसाचे पेय बंद. न ऐकणाऱ्याला दंड, तुरुंग, खोड्यात अडकवणे. काही बेटांवर नाचाचे क्लब काढले आणि तरुण मुलींना तिथे येणे सक्तीचे केले. नाचायला समोर कोण, तर पोलीस. याला सुधारणा म्हणायचे होते.

मी इथे एक क्षण थांबतो, कारण शिक्षक बंधुभगिनी ऐकत आहेत. शाळा आणि ही जुलूमजबरदस्ती त्या बेटांवर एकाच होडीतून उतरली. मुलांना अक्षरे शिकवणारा आणि आईच्या नाकातली वाळी काढायला लावणारा, दोघे एकाच सरकाराचे. अशा वेळी मुलाच्या मनात पाटीविषयी काय बसेल? पुढे नेले कांतुले यांनी याचे जे उत्तर काढले ते आपल्याला पाहायचे आहे, पण आधी बंड.

१९२४ साली रिचर्ड मार्श नावाचा एक अमेरिकन दारिएनमध्ये हिंडत होता. त्याच्या डोक्यात ‘गोऱ्या इंडियन’ लोकांचा शोध लावण्याचे वेड होते. मघाशी सांगितलेली चंद्राची लेकरे पाहून त्याला वाटले, सापडली कोणती तरी हरवलेली गोरी जात. तो काही गुना मंडळींना वॉशिंग्टनला घेऊन गेला. तर्क वेडगळ होता, पण गुनांना या माणसाचा उपयोग झाला. १९२५ च्या आरंभी तो परतला तेव्हा सायलांनी आपली गाऱ्हाणी त्याला सांगितली. त्याने ती इंग्रजीत लिहिली, आणि फेब्रुवारी महिन्यात आयलिगांदीला ‘दुले प्रजासत्ताका’ची घोषणा झाली. कित्येक पुस्तके मार्शला या बंडाचा सूत्रधार करतात. मला ते पटत नाही. कागद त्याने लिहिला असेल, पण ज्या रात्री बेटाबेटावरच्या माणसांनी होड्या लोटल्या ती रात्र वर्षानुवर्षे त्या सभागृहांत तयार होत होती.

पनामात कार्निव्हलचा सण म्हणजे आपल्याकडच्या शिमग्यासारखा धुमाकूळ. १९२५ च्या फेब्रुवारीत तो सण चालू असताना पोलीस नाचण्यापिण्यात दंग होते. तो मुहूर्त साधून गुना लढवय्यांनी बेटांवरच्या ठाण्यांवर हल्ले केले. २५ फेब्रुवारी हा दिवस बंडाचा दिवस म्हणून आजही पाळला जातो. काही दिवसांत पोलीस मारले गेले किंवा पळाले. मेलेल्यांची संख्या वीस-पंचवीसच्या घरात होती. पण त्यांत पोलिसांची बाजू घेणारे काही गुनाही होते, आणि पोलीस बापांपासून झालेली लहान मुलेही होती. बंडाचे पोवाडे गाताना हा भाग गाळतात. गाळू नये.

पनामा सरकारने बोटी आणि शिपाई पाठवायची तयारी केली. तेवढ्यात अमेरिकेची ‘क्लीव्हलँड’ नावाची युद्धनौका तिथे येऊन उभी राहिली. कालव्याच्या शेजारी पेटलेली आग अमेरिकेला नको होती, यात परोपकार शोधायला नको. अमेरिकन वकील जॉन साउथ यांनी मध्यस्थी केली आणि ४ मार्च १९२५ रोजी एल पोर्वेनीरला तह झाला. गुनांनी शस्त्रे ठेवायची, स्वतंत्र प्रजासत्ताकाचा दावा सोडायचा, पनामाचे कायदे मानायचे. सरकारने त्यांच्या चालीरीतींना हात लावायचा नाही आणि शाळेची सक्ती करायची नाही. मार्शला बोटीत घालून देशाबाहेर नेले.

पाहा, स्वतंत्र राज्य हाती आले नाही, पण वाळी राहिली. पुढची वाटाघाट सबुरीने आणि कागदाने झाली. १९३८ च्या कायद्याने बेटे आणि किनारपट्टी मिळून गुनांचा राखीव प्रांत झाला. १९४५ साली त्यांनी आपली घटना लिहिली. १९५३ च्या कायद्याने त्यांचा कारभार आणि त्यांच्या सभा सरकारने मान्य केल्या. आजही सर्व गावांची मोठी सभा तिथला कारभार पाहते, आणि बाहेरच्या माणसाला तिथे जमीन विकत घेता येत नाही.

आता नेले कांतुले. ‘नेले’ हे नाव नव्हे, पदवी आहे. रोगाचे आणि आत्म्यांचे मूळ पाहू शकणारा जाणता तो नेले. औषधी वनस्पती आणि लांबच लांब मंत्रगाणी त्यांना पाठ होती. बंडाचा पुढारी म्हटल्यावर हा माणूस शाळेचा वैरी असेल असे वाटते. तसे झाले नाही. तह झाल्यावर याच माणसाने मुलांना शिकायला पनामा शहरात पाठवले. मुलांनी स्पॅनिश शिकावे, कायदा शिकावा, हिशेब शिकावा, आणि संध्याकाळी सभागृहात येऊन बसावे. त्यांचे चिटणीस रुबेन पेरेझ कांतुले हे १९३१ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गला गेले आणि नोर्डेनशेल्ड या पंडिताच्या जोडीला बसून त्यांनी आपल्या लोकांचा इतिहास, गाणी आणि चित्रलिपी उतरवून दिली. गुनांची एक चित्रलिपी आहे. गाण्याची ओळ आठवावी म्हणून लहान लहान चित्रे वहीत काढून ठेवायची. अडलेल्या बाळंतिणीसाठी म्हणायचे एक लांबलचक गाणे त्यांतलेच. ते १९४७ साली छापले गेले आणि दोन वर्षांनी फ्रान्सच्या क्लोद लेव्ही-स्ट्राउस यांनी शब्दांनी रोग्याला गुण कसा येतो यावर जो निबंध लिहिला तो त्याच गाण्यावर. नेले १९४४ साली वारले. शिकलेल्या गुना तरुणांतून पुढे शिक्षक, वकील, डॉक्टर निघाले, आणि १९९९ साली देशाच्या विधिमंडळाच्या अध्यक्षपदी एक गुना गृहस्थ बसले.

बंडाच्या झेंड्याविषयी आपल्या लोकांना विशेष कुतूहल वाटेल, म्हणून सांगतो. त्या झेंड्यावर स्वस्तिक होते, आणि ते आजही तिथे दिसते. काहीजण त्याचा अर्थ जग निर्माण करणारा अष्टपाद, म्हणजे आठ पायांचा समुद्रप्राणी, असा सांगतात. काहीजण चार दिशा म्हणतात. आपल्या उंबऱ्यावरच्या स्वस्तिकाशी त्याचा काही संबंध नाही आणि जर्मनीच्या झेंड्याशी तर मुळीच नाही. दुसऱ्या महायुद्धात गैरसमज होऊ नये म्हणून १९४२ च्या सुमारास त्यावर एक कडे काढले होते. कडे कशाचे, तर नाकातल्या वाळीचे. युद्ध संपल्यावर ते गेले.

आता अलीकडचे थोडे. मोला जगभर विकला जाऊ लागला तशी त्याची नक्कलही यंत्रावर होऊ लागली. पनामाने २००० साली मूळ रहिवाशांच्या कलेचा हक्क त्या त्या समाजाचा, असा कायदा केला. २०१९ साली नाइकी या बूट कंपनीने एका बुटावर मोल्याची नक्षी छापली आणि ती दुसऱ्याच एका बेटाच्या नावाने बाजारात आणायचे ठरवले. गुनांनी हरकत घेतली आणि कंपनीने तो बूट मागे घेतला.

समुद्राला मात्र हरकतीचा कागद देता येत नाही. बेटे पाण्यापासून हातभरच उंच. जग तापते आहे, समुद्राची पातळी चढते आहे, आणि वर्षअखेरीच्या वाऱ्यांत पाणी घरात शिरते. लोकांनी वस्ती वाढली तशी पोवळ्यांचे दगड फोडून बेटांच्या कडा भरून काढल्या. त्यामुळे लाटा अडवणारी पोवळ्यांची भिंतच कमी झाली, हेही खरे. गार्दी सुगदुब, म्हणजे खेकड्यांचे बेट, हे चारशे मीटरही लांब नाही. त्यावर हजाराच्या वर माणसे. तिथल्या लोकांनी २०१० च्या सुमारास सभेत ठरवले की मुख्य भूमीवर जायचे. जमीन त्यांनीच काढून दिली. घरे बांधायचे सरकारचे वचन मात्र वर्षानुवर्षे लांबत गेले. शेवटी २०२४ च्या जून महिन्यात तीनशे घरांची वसाहत उभी राहिली, तिचे नाव इस्बेरयाला. होड्यांतून भांडी, झोपाळ्या, शिवणाच्या पेट्या पलीकडे गेल्या. घरे सिमेंटची आणि एका रांगेत. तिथून समुद्र दिसत नाही, होडीकडे जायचे तर चालत जावे लागते. काही कुटुंबांनी बेट सोडले नाही. जे गेले त्यांतलेही पुष्कळ जण अधूनमधून जुन्या घरी परततात.

पुढच्याच वर्षी, २०२५ च्या फेब्रुवारीत, बंडाला शंभर वर्षे झाली. दरवर्षी त्या दिवसांत बेटांवर बंडाचा खेळ करतात. गावातलेच लोक पोलीस होतात, काठ्या घेऊन घराघरांत शिरतात, बायकांच्या माळा आणि वाळ्या ओढू लागतात, पुरुषांना बांधून नेतात. खेळ इतका खरा होतो की लहान मुले घाबरून रडू लागतात, आणि मोठ्यांना त्यांना जवळ घेऊन सांगावे लागते की हे आपलेच काका आहेत.